गोपालदांचा सत्कार

माझ्या बंगालीचं कौतुक करू नका हो, निदान हा किस्सा ऐकेपर्यंत तरी!

यांची बँकेतली बदली झाली नि आम्ही कोलकात्यात, सॉल्ट लेकला आलो. आमच्या ब्लॉकमध्ये गोपालदांचं नळदुरुस्तीचं दुकान, तीस वर्षांचं. गेल्या वादळात पाणी तुंबलं, तेव्हा या माणसाने दुकान बंद ठेवून तीन दिवस म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिसऱ्या मजल्यापर्यंत प्यायचं पाणी वाहून दिलं. माझ्या सासूबाईंनाही.

म्हटलं, गोपालदांचा सत्कार करायचाच! हॉल मीच ठरवला. रविवारी सकाळी ग्रुपवर नव्यानेच शिकलेल्या बंगालीत मोठ्या ऐटीत लिहिलं, ‘आज पाच वाजता गोपालदांचा सत्कार. सर्वांनी यावे.’

धडाधड हात जोडलेली चित्रं आली. मी प्रत्येकाला, ‘धन्यवाद, नक्की या!’

मग शेजारच्या सेनकाकांचा फोन. आवाज दाटलेला.

“किती वाजता नेणार?”

“न्यायचं कशाला, काका? चालत येतील की!”

पलीकडे काकांनी नाक शिंकरलं.

“आणि हार आणा हं,” मी म्हटलं, “मोठ्ठा!”

दुपारी भाजीला खाली उतरले, तर दुकानाच्या बंद शटरवर पांढऱ्या फुलांचे हार! समोर अर्धा ब्लॉक. मुखर्जीबाई पदराने डोळे पुसताहेत. मला वाटलं, काय ही कृतज्ञता!

तेवढ्यात बजबज गावी बहिणीकडे गेलेले गोपालदा रिक्षातून उतरले. फोन घरीच विसरलेले. हार बघून हबकले.

“कोण गेलं?”

मुखर्जीबाईंनी अशी किंकाळी फोडली की विचारू नका!

आता काय सांगू? बंगालीत सत्कार म्हणजे अंत्यसंस्कार! आपल्या सत्काराला ते संवर्धना म्हणतात. हे मला तिथे, भर रस्त्यात, तीस माणसांसमोर कळलं. भुई दुभंगेना!

गोपालदांनी हारांकडे पाहिलं, रडक्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि डोळ्यांना रुमाल लावला.

“माझ्यासाठी इतके लोक रडतात? हे जिवंतपणी कुणाला बघायला मिळतं, बौदी?”

बौदी म्हणजे वहिनी. म्हणजे मीच. मग मीही हुंदके द्यायला लागले.

पाचला हॉल खच्चून भरला. लोक इतकं भरभरून बोलले की गोपालदा लाजून खालीच बघत होते. शेवटी आभार मानायला मी उठले, माइककडे हात केला.

सेनकाकांनी तो अलगद काढून घेतला.

“सूनबाई, तू मराठीतच बोल. कुणाला काही कळलं नाही, तरच बरं!”