प्यून शब्दाचा खोटा अर्थ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला आज का सांगतोय — तेही धड कळत नाही.

मी महागावजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. आठवीच्या धड्यात एकदा ‘प्यून’ शब्द आला. वैष्णवी म्हणून एक मुलगी होती, शेतकऱ्याची, सारखं काही ना काही विचारणारी. म्हणाली, “सर, निरोप नेणाऱ्याले प्यून काहून म्हणतात जी?”

मला माहीत नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं. पण सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि मी ठोकून दिलं — “पिण्यावरून. साहेबाला पाणी पाजतो तो प्यून. इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला.”

घरी येऊन शब्दकोश पाहिला. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. मुळात पायी चालणारा, पायदळातला सैनिक — मग पायी निरोप पोचवणारा. आपल्या ‘शिपाया’सारखंच. पाण्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगता आलं नसतं का? आलं असतं. नाही सांगितलं.

पुढे यवतमाळला वक्तृत्व स्पर्धा होती, विषय शब्दांचा. भाषण मीच बसवून दिलं होतं. प्यूनची गोष्ट मात्र तिनं ऐन वेळी स्टेजवर घातली. परीक्षक हसले. एकांनी खरा अर्थ सांगितला आणि विचारलं, “हे कुणी शिकवलं तुला?” मग सगळं सभागृह हसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी — मी मोबाइल काढून त्यात बघत बसलो.

“मलेच तसं वाटलं,” ती म्हणाली.

एवढ्यावर थांबलो असतो तर? पण दुसऱ्या दिवशी हेडसरांनी विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हणालो, “पोरगी मनानंच काहीबाही बोलून आली, सर. फार आगाऊ आहे.” ती खडू न्यायला दारातच उभी होती. पुढच्या स्पर्धेला हेडसरांनी दुसरी मुलगी निवडली.

गेल्या दिवाळीत ती यवतमाळच्या बसस्टँडवर भेटली. आता कॉलेजात आहे. मैत्रिणीला म्हणाली, “हे आमचे इंग्रजीचे सर.” वाकून नमस्कार केला. आणि मी काय विचारावं? — “भाषणं करतेस की नाही अजून?”

“नाही जी सर. ते तवाच सोडलं.”

मी “बरं” म्हणालो, आणि एसटीत चढलो.