घरची मतं चौदा

आमचा वैजनाथ आज अमेरिकेतल्या एका राज्यात आमदार आहे, आणि त्याला आम्हीच घडवलं असं गावातला प्रत्येक जण सांगतो. मीही सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीला उभा राहिला तेव्हा त्याला अकरा मतं पडली होती, हे मात्र कुणी काढत नाही. त्याच्या घरातच मतं होती चौदा.

तेव्हा तो नुकता इंजिनिअर होऊन गावी परतला होता. आमचं गाव जवळा बाजारपासून दोन कोसांवर. देवळासमोरच्या गटाराची पक्की नाली करायची, एवढंच त्याचं म्हणणं. नकाशा काखेत मारून तो एकटाच दारोदार फिरला. आता उमेदवार म्हटला की पुढं हलगी पाहिजे, मागं चाळीस माणसं पाहिजेत. कागद घेऊन एकटा दारात येतो तो सर्व्हेवाला! पोरगा गावचाच, पण शिकून सरकारी कामाला लागला असेल असं बायांना वाटलं. त्यांनी त्याला चहा पाजला, रेशनकार्डाची झेरॉक्स दिली आणि घरकुलाच्या यादीत नाव घालायला बजावलं. विरोधात उभ्या शेषरावांकडे नकाशा नव्हता, जीप होती. मतदानाला मीही तिच्यातूनच गेलो.

निकालानंतर वैजनाथ आठ दिवस घराबाहेर पडला नाही. निवडणुकीत पडल्याचं त्याला एवढं वाईट वाटलं नाही. पण पंगतीला बसला की एकेकाच्या तोंडाकडे बघायचा, त्या तिघांतला हा तर नसेल? शेवटी त्यानं पासपोर्ट काढला.

तिकडं पंधरा वर्षं नोकरी केली, तिथला नागरिक झाला आणि मग गड्यानं पुन्हा तीच चूक केली. त्याच्या गल्लीत पावसाचं पाणी तुंबायचं. हा निघाला नकाशा घेऊन एकटाच. पण तिथली माणसं अडाणी. त्यांनी नकाशा उघडून बघितला, पाणी कुठून काढणार ते विचारलं आणि मतं देऊन मोकळी झाली. आधी नगरसेवक, मग आमदार.

बातमी आली त्या दिवशी गावात गुलाल उधळला. बॅनरवर शेषराव पुरुषभर उंच आणि वैजनाथ तिकिटाएवढा. पार सेनगावहून लोक बदलीचे अर्ज घेऊन त्याच्या आईच्या, चतुराबाईंच्या दारात यायला लागले.

"बाबा, त्यो तिकडला आमदार हाय," त्या म्हणायच्या.

"आसंना का मावशी! आमदाराचा फोन आमदार उचलतोच."

यंदा तो पंधरा दिवसांसाठी आला. सत्कार देवळासमोर ठेवला. गटार होतं तसंच वाहत होतं, म्हणून पाहुण्यांसाठी त्यावर फळी टाकली आणि फळीवर लाल गालिचा अंथरला. माइक धरून शेषराव म्हणाले, "ह्ये पोरगं लांब जानार, म्या तवाच वळखलं व्हतं!" टाळ्या मीही वाजवल्या. वैजनाथ शाल सावरत, नाक दाबत फळीवरून उतरला.

मी त्याला घरापर्यंत सोडायला गेलो. त्यानं सत्काराचा नारळ आईपुढे ठेवला आणि इतकी वर्षं पोटात राहिलेलं एकदाचं विचारलं.

"माय, ती तीन मतं कोनाची गेली व्हती?"

"दोन तुह्या काकायची. जीपमधी बसून गेले, मंग काय करतीन?"

"अन् तिसरं?"

चतुराबाई नारळाच्या शेंड्या सोलत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"माहं."

"काहून?"

"निवडून आला असता, त इथंच ऱ्हायला असता. नालीसाठी पुढाऱ्यायच्या मागं मागं फिरून राहिला असता जलमभर. म्हनून मारला शेषरावच्या चिन्हावर शिक्का." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "म्हनलं, नाली काय, कोनीबी करंल. लेकरू तरी सुटंल इथून. आता नालीबी न्हाई अन् तूबी न्हाई."