परक्या मैदानावरची चंचल

लटारू खोब्रागड्यांना सामना बसून पाहता येत नाही. गडचिरोलीच्या मैदानाकडेला मांडवात खुर्च्या टाकल्या होत्या, तरी ते तारेच्या कुंपणाला धरून इकडून तिकडे चालत होते. सारी उमर माजरीच्या खाणीत फावड्याने कोळशाचे टब भरण्यात गेली. निवृत्त झाल्यावर भद्रावतीच्या कॉलेजातल्या पोरींच्या हॉकीचा नाद लागला. संघात नात्यागोत्याचं कोणी नाही. पण सामना बाहेरगावी असला की पोरींच्या आधी हे एसटीने हजर.

"तुमच्याबिगर गोल अडून राह्यला का जी?" घरी वच्छलाबाई विचारायच्या.

"गोल नाई, पोट्ट्या अडून राह्यल्या. घरच्या मैदानावर वाघिनी, बाहेर गेल्या का गाई!"

दुखणं खरंच तेच होतं. घरी जिंकायचं, बाहेर हरायचं. मूल गावच्या मैदानावर हरल्यावर लटारूभाऊंनी गुन्हेगारही शोधून काढला. चंचल. संघाची सेंटर हाफ. मागून आलेला चेंडू मधे घ्यायचा आणि पुढे द्यायचा, हे तिचं काम. मूलला सगळ्या धापा टाकत होत्या आणि ही मधेच उभी. अंगावरची जर्सीसुद्धा कोरडी. सामना संपताच त्यांनी प्रशिक्षक गुणवंतरावांना चहाच्या टपरीवर गाठलं.

"बसवा तिले बाहेर."

"लटारूभाऊ, चांगली खेळते ती."

"खेळत असन. पन आंग मोडत नाई. खाणीत माह्या जोडीले असती, तं टब भरलाच नसता."

गुणवंतराव घुटमळले. पण प्रत्येक सामना पाहणारा हा एकच माणूस, त्याचा शब्द मोडवेना. गडचिरोलीत चंचल बाहेर बसली. हा सामना गेला तर संघ स्पर्धेतून बाहेर जाणार होता, आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष असल्यामुळे चंचलची हॉकीही तिथेच संपणार होती.

सुरुवातीला लटारूभाऊ खूश होते. पोरी घाम गाळत होत्या. तरी गोल झाला तो गडचिरोलीचा. लटारूभाऊंची चाल वाढली. धावतात तर आहेत, मग अडतं कुठं?

मग त्यांना दिसायला लागलं. भद्रावतीचं मैदान मुरुमाचं, रोलर फिरवून दगडासारखं केलेलं. तिथे चेंडू सपकन जातो, म्हणून मारणारी मारते आणि घेणारी आधीच पुढे पळते. अंगात मुरलेली सवय. इथे मात्र ओलसर माती, वर गवत. चेंडू अर्ध्यात मरत होता, पोरी त्याला मागे टाकून पुढे गेलेल्या, आणि गडचिरोलीच्या मुली तो आयता उचलत होत्या. पुन्हा तेच. पुन्हा त्याच रिकाम्या जागी.

मूलला चंचल तिथेच उभी होती.

लटारूभाऊंचे पाय थांबले. खाणीत एक सरदार असायचा. हे लोक वाकून कोळसा ओढायचे, तो काठीने वरचं छत ठोकत, ते ढासळणार तर नाही ना म्हणून कान देऊन उभा राहायचा. फुकटचा पगार खातो म्हणून त्याला शिव्या घालण्यात लटारूभाऊ सगळ्यांत पुढे. पण तो 'बाहेर' म्हणाला की फावडी तिथेच टाकून सगळे पळायचे. काऊन, हे कोणी विचारत नसे.

मध्यंतराची शिट्टी होताच ते कुंपणाच्या फाटकातून आत शिरले.

"तिले उतरवा."

"कोणाला?"

"चंचलले."

"अहो, तुम्हीच तर मूलला म्हणालात—"

"म्हटलं. चुकलं माह्यं. उतरवा आता."

बाकावरून चंचलने मान वर केली. "म्हंजे मले तुमी बसवलं, आबाजी?"

"हो."

"आन् मी गुणवंत सरायले शिव्या देऊन राह्यली होती!"

पोरी हसल्या. गुणवंतरावांना हसावं की रागवावं कळेना.

"इथी बॉल मरते, आबाजी," नडगीचं पॅड बांधता बांधता ती म्हणाली. "मी त्याच्या मांगं धावू का मरते तिथी उभी राहू? मूललेच सांगतलं होतं या सगळ्याइले. तं म्हने, आळशी हायेस."

हसणाऱ्या पोरी खाली वाकून बुटांच्या नाड्या आवळू लागल्या.

ती उतरली आणि मधोमध जाऊन उभी राहिली. मागून चेंडू सुटला. लटारूभाऊंना राहवलं नाही.

"हाल ना, पोट्टी!"

मागे न पाहता चंचलने त्यांना 'थांबा' म्हणून पंजा दाखवला. मांडवात हशा पिकला. चेंडू गवतात दमत दमत बरोबर तिच्या स्टिकशी आला. ती वळली. पुढे फॉरवर्ड रश्मी या वेळी थांबून निघाली होती. गोल.

बरोबरी झाली तरी घरच्या विजयांवर संघ पुढे जाणार होता. उरलेला वेळ लटारूभाऊंनी तार घट्ट धरून, तोंड बंद ठेवून काढला. शेवटी गडचिरोलीला पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा मात्र त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली, आणि लगेच परत तोंड वळवलं. चेंडू चंचलच्या स्टिकला लागून बाहेर गेला. शिट्टी झाली.

"पुढचा सामना चंद्रपूरला," गुणवंतराव म्हणाले. "बोला, आता कोणाला बसवू?"

"मले नोका इचारू जी. तिले इचारा."

"आबाजी, आमच्या गाडीत या ना," मिनीबसच्या दारातून चंचलने हाक मारली.

"नाई. तुमची गाडी लय हळू चालते," म्हणत लटारूभाऊ एसटी स्टँडकडे निघालेसुद्धा.