आईने वाळवलेल्या साली

मी पीएचडीसाठी संत्र्याच्या सालीतला एक घटक घेतला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आईला झाला. वडील कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि आई-वडील दोघं तिथेच घर करून राहिले. वडील गेल्यावरही तिने ते सोडलं नाही. शेजारणींकडून ती साली मागून आणायची, वीजकेंद्राची राख पडू नये म्हणून जुन्या पातळाने झाकून गच्चीवर वाळवायची, आणि पिशवी भरली की बसने आमच्या कॉलेजात घेऊन यायची. स्वतः मात्र संत्र्याच्या दोनच फोडी खायची. मी शाळेत होते तेव्हापासून तिला शुगर होती.

"याच्यानं शुगर जाते का वं?" तिने एकदा विचारलं.

मी तिला समजेल असं सांगितलं. रक्तात साखर जास्त राहिली की पेशींच्या आत उपद्रवी रेणू वाढतात आणि लोखंडाला गंज चढावा तसं आतून नुकसान करत जातात. डोळ्यांचं, नसांचं, किडनीचं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात त्याला. सालीतलं हेस्पेरिडिन हा गंज थोडा अडवतं का, एवढंच मी बघतेय.

"म्हणजे शुगर नाही जात," ती म्हणाली, आणि पिशवी टेबलावर ठेवली.

प्रयोगशाळेत आम्ही औषध टोचून उंदरांना मधुमेह करायचो. मग काही आठवडे त्यांना सालींची पावडर करून काढलेला अर्क पाजायचा, शेवटी त्यांची किडनी काढून वाटायची आणि त्यात रसायन घालून तापवायचं. नुकसान जितकं जास्त, तितका गडद गुलाबी रंग. अर्क मिळालेल्या उंदरांच्या नळ्यांमध्ये रंग फिका आला, त्या दुपारी मी त्या नळ्या उजेडाकडे धरून बसून राहिले. मग आईला फोन केला.

"उंदीर वाचले म्हण ना तुये."

"किडन्या चांगल्या राहिल्या त्यांच्या," मी म्हणाले. किडनी तपासायची तर उंदीर मारावाच लागतो, हे तिला सांगावंसं वाटलं नाही.

त्याच हिवाळ्यात तिच्या पायांना सूज आली. चपला घालता येईनात. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या आहेत, डायलिसिस सुरू करावं लागेल. हे नुकसान कितीतरी वर्षांपासून आत चाललं होतं, दुखत नसल्यामुळे कळलं नाही. यातलं एकही वाक्य माझ्यासाठी नवीन नव्हतं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मी हेच लिहिलं होतं.

आईला मी शहरात, बेसा भागातल्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी काय काय बंद ते सांगितलं. त्यात संत्रं पहिलं होतं. किडनी काम करत नसली की फळांतलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं.

"मग तुयी ती पावडर दे," आई रिक्षात म्हणाली. "उंदरांले चालते तर मले काहून नाही?"

"त्यांना आजार झाल्याबरोबर दिली होती, आई. तुझ्या किडनीत आता वाचवण्यासारखं काही उरलं नाही."

हे असं सरळ तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, "उशीर झाला म्हण ना मंग."

दिवसाआड आम्ही डायलिसिसला जायचो. ती मशीनला जोडलेली असताना मी शेजारी बसून आमच्या प्रयोगावरचा शोधनिबंध तपासायचे. अर्काने मधुमेही उंदरांच्या किडनीचं लक्षणीय संरक्षण केलं, असं एक वाक्य त्यात होतं. ते चुकीचं नव्हतं. पण त्या खोलीत ते माझ्याने वाचवत नव्हतं. पुढच्या पलंगावर माझ्यापेक्षा लहान वयाची एक बाई असायची, तिलाही शुगरच.

आईची सगळ्यांत मोठी तक्रार तहानेची होती. रडायची नाही. ओठांवरून ओला कपडा फिरवून घ्यायची आणि डोळे मिटून पडायची. शेवटी शेवटी तिने बोलणंही कमी केलं. फेब्रुवारीत, डायलिसिस चालू असतानाच तिचं बीपी खाली गेलं आणि पुन्हा वर आलं नाही. तेव्हा मी जरा बाहेरच्या बाकावर येऊन बसले होते. नर्सने हाक मारली तोवर सगळं संपलं होतं.

तेरवीला मावशी आली. तिलाही शुगर आहे. जेवणं आटोपल्यावर तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"संत्र्याचं कायतरी औषध बनवून राहिली होती ना तू? मले थोडं दे."

"अजून औषध नाही झालं ते, मावशी. उंदरांवरच आहे. तू गोळ्या चुकवू नको, आणि दर वर्षी किडनीची तपासणी कर."

"ते तर डॉक्टरही सांगते," मावशी म्हणाली. "मंग एवढे वर्ष तू काय करून राहिली होती वं?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ओट्यावरची भांडी आवरत राहिले. ती बाहेर बायकांमध्ये जाऊन बसली.