फुल शर्टातले आजोबा

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपणच चालत येतात, स्टुलावर बसतात आणि शर्ट वर करतात! मी कातडीची डॉक्टर. राहते भिंगारला, पण आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, कर्जतला बसते. बाजाराच्याच दिवशी, कारण नुसत्या खाजेसाठी गाडीभाडं खर्च करणारं म्हातारं माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्मायचंय. आधी बाजार, मग चहा, वेळ उरला तर कातडी. नावं अर्थातच बदलली आहेत.

*

एक रिटायर्ड मास्तर. अंगभर खाज, कातडी कोरडी ठणठणीत. म्हटलं, "अंघोळ कशी करता?"

"कडकडीत पान्यानं. दोनदा. कपड्याचा साबन, अन् वर वजरी."

वजरी म्हणजे टाचा घासायचा खरबरीत दगड.

"वजरी टाचांना ना?"

"न्हाई, सगळीकडं!"

वय झालं की कातडीतलं तेल कमी होतं, त्यात हा दगड. मी सांगितलं, कोमट पाणी, एकदाच, आणि अंग ओलं असतानाच खोबरेल तेल. दोन आठवड्यांनी खाज गेली, पण मास्तर नाराजच. "बरं वाटतंय मॅडम, पन अंघोळ केल्यासारखं वाटत न्हाई!"

*

मग आले अण्णा. मे महिना, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि अण्णा फुल शर्टात, मनगटापर्यंत बटणं लावून.

"अण्णा, बाह्या वर करा."

"आदी दार लावा."

दार लावलं. दोन्ही हातांवर ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके.

"नातीची सोयरीक जमलीय. महिनाअखेरला सुपारी फोडायची हाय," अण्णा हळूच म्हणाले. "घरात कोड हाय असं कुनी म्हनलं, तर पोरीचं कसं व्हायचं? माझ्यापायी मोडलं तर मी तिला तोंड कसं दावू?"

मी नीट तपासलं. जन्म उन्हात गेला की उतारवयात असे ठिपके येतात. हे कोड नाही, औषधाचीही गरज नाही. शिवाय म्हटलं, "आणि कोड असतं तरी कुणाचं काय बिघडलं असतं?"

अण्णांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. बाई शिकलेली आहे, पण सोयरिकीतलं काही कळत नाही, असा चेहरा. "कागदावर लिवून द्या," म्हणाले. मी लिहून दिलं. त्यांनी कागद आतल्या खिशात ठेवला आणि बाह्यांची बटणं पुन्हा लावली.

"आता कशाला? कुणी विचारलं तर कागद दाखवा की!"

"कागद दावला, तर इचारतील ना, कागद कशापायी काढला!"

*

एका आजींना मानेवर गजकर्ण. मलम दिलं. महिन्याने आल्या, चट्टा जसाच्या तसा!

"मलम लावलं नाही का?"

"लावलं की. सकाळ-संध्याकाळ, नेमानं. गायीला."

"गायीला?"

"तिच्याबी मानंवर तसंच हुतं. तिला लई गुन आला बगा!"

"अहो आजी, पण तुमचं काय?"

"मी काय डेरीला दूध घालती व्हय?"

*

एक सासूबाई. हातांवर जांभळे डाग. म्हातारपणी कातडी पातळ होते, जरा कुठे टेकलं तरी आत रक्त साकळतं. पण गल्लीत बोभाटा झाला, सून मारते! सून बिचारी रडकुंडीला आलेली. मी सासूबाईंना म्हटलं, "गल्लीत सांगून टाका की, वयामुळे होतं म्हणून."

सासूबाई सुनेला पाणी आणायला पाठवून माझ्या कानाशी लागल्या. "सांगते, पन सावकाश. ह्या बोलन्यापायी सद्या मला गरम भाकरी मिळती!"

*

अण्णांच्या पुढच्याच बाजाराला एक नवे आजोबा आले, तात्या. फुल शर्ट. मनगटापर्यंत बटणं.

"दार लावता का?" म्हणाले. मी लावलं. तेच ठिपके.

"नातवाची सोयरीक जमलीय. पोरीचा आजा लई चिकित्सक मानूस. कदी बगावं तर कडक फुल शर्टात! त्याला ह्ये दिसलं तर संपलंच."

मुलीचं गाव, तिच्या आजोबांचं नाव विचारलं आणि मला चहाचा ठसका लागला. अण्णांचीच नात! पण पेशंटचं गुपित दुसऱ्या पेशंटला सांगायची सोय नाही. जे अण्णांना सांगितलं तेच तात्यांना सांगितलं. तात्यांनीही कागद घेतला आणि बटणं लावली. मी मात्र त्या आठवड्यात नीट जेवले नाही. दोन शहाणी म्हातारी माणसं, आणि लग्न मोडलंच तर एका शर्टाच्या बाहीपायी!

*

सुपारीला दोन दिवस राहिले होते, त्या बाजाराला दोघेही आले. एकाच वेळी. ठिपके झाकायला काही मिळतं का, ते विचारायला असणार! बाहेर बाक एकच, पत्र्याचं छप्पर, त्यात लाईट गेलेली. मी दाराच्या फटीतून बघत होते.

"तात्या, तुमी हिकडं?"

"गुडघा दुखतोय. तुमी?"

"माझाबी गुडघाच."

बाकाच्या वर भिंतीला पाटी, त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनीही ती वाचली नाही.

पाच मिनिटं गेली. घाम टपटपायला लागला.

"उकडतंय का, अण्णा?"

"छे! तुमाला?"

"न्हाई बा."

आणखी पाच मिनिटं. मग अण्णांनी एकदम बटण काढलं. बाही कोपरापर्यंत सारली आणि हात तात्यांच्या पुढे धरला.

"पाव्हनं, मोडायची तर सोयरीक आत्ताच मोडा. पन पोरीत काई खोट न्हाई. डॉक्टरनी लिवून दिलंय."

तात्यांनी वाकून तो हात निरखला. मग त्यांनी सावकाश स्वतःचं बटण काढलं, बाही सारली आणि आपला हात अण्णांच्या हाताशेजारी ठेवला.

"हॅ! तुमचे तर लईच कमी हायेत!"

"कमी? आवो, मागनं बगा की!"

तेवढ्यात मला आत फोन आला. पाच मिनिटांनी टेबलावरची घंटी वाजवली, तर आमच्या मदतनीस शोभाताई एकट्याच आत आल्या.

"मॅडम, ते गुडघेवाले दोघं गेले. म्हनले, आता दुखत न्हाई!"