सीट नसलेली गाडी
काल पोलादपूरच्या पंपावर ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा वास आला आणि दादाची जुनी मोटरसायकल आठवली. भंगारातून आणून त्याने ती स्वतः खोलून जोडली होती. वजन कमी व्हावं म्हणून सीटही काढून टाकली होती. उन्हाळ्यात सावित्रीच्या कोरड्या पात्रात तो ती उभ्यानेच, अगदी हळू, खडकांवरून चढवायचा. पाय जमिनीला टेकला की डाव गेला. ते बघायला मी बाजूने चालायचे. सगळे खडक त्याला एका दमात कधीच जमले नव्हते. एके दिवशी तो शेवटच्या खडकावर असताना, उरलेल्या डोहावर धुणं घेऊन आलेली एक आजी ओरडली, "अरे, रस्ता तिकडं हाय! नि सीट नाय, तर उद्या बायकोला काय डोक्यावर नेशील?" दादाला हसू फुटलं आणि पाय टेकला. "आजी, परत पहिल्यापासून जातो. आता हसवू नका हां." ती तोंडाला पदर लावून खाली बसली. या वेळी शेवटच्या खडकापर्यंत पाय टेकला नाही. "जमलं!" मी ओरडले. आजीने विचारलं, "पण तुला जायचं कुठं होतं रे?" "इथंच," दादा म्हणाला. त्याला जाऊन आता वर्ष झालं. एवढ्याशा खडकावर पोहोचून माणूस इतका खूश कसा होतो, हे त्याला विचारायचं राहूनच गेलं.