मायच्या तोंडची माफी

सरांनी माझ्या मायचा आवाज काढला आणि अख्खा हॉल हसला. नाकात बोलले, मान वेळावली, डोक्यावर नसलेला पदर ओढला. एकाने तर मोबाइलवर शूटिंग घेतलं.

साकोलीतलं कथालेखन शिबिर. विषय होता संवाद. पात्र जसं बोललं तसंच अवतरणचिन्हांत लिहायचं, हे सरांनी नुकतंच शिकवलं होतं. मग उदाहरणाला माझी कथा घेतली. माझी पहिलीच. शिबिराच्या पुस्तकात छापायला निवडलेली.

कथा मायची. पवनीजवळच्या आमच्या गावात ती मालकाच्या बांधीत रोवण्याला, भाताची रोपं लावायला, जायची. आम्हा बौद्धांच्या बायांचे चहाचे कप वेगळे, गोठ्याच्या कोनाड्यात. प्यायचा, धुवायचा, पालथा ठेवायचा. एक दिवस मायने उष्टा कप तसाच खाली ठेवला. मालकीण ओरडली. माय म्हणाली, "मी काहून धुवू? चाय तुमची, कप तुमचा. धुवा बी तुमीच."

हेच वाक्य मायच्या आवाजात वाचून सरांनी हॉल हसवला, मग त्यावर काट मारली. फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, "क्षमा करा बाईसाहेब, मी विसरले."

"आता झाला संवाद," सर म्हणाले. "मजूर बाईच्या तोंडी उर्मटपणा शोभत नाही. वाचकाची सहानुभूती जाते."

अंगाचा भडका उडाला. त्या बोलण्यापायी मायला पूर्ण हंगाम गावात कोणी रोवण्याला बोलावलं नव्हतं. घरात चूल कशी पेटली ते मी पाहिलंय. तरी ती झुकली नाही. आणि हा माणूस खडूच्या एका ओळीत तिला मालकिणीच्या पाया पाडत होता. वर तिच्याच नावाने.

मी उठले. आल्यापासून पुस्तकी मराठी जपून बोलत होते. ती सुटली.

"सर, माह्या मायनं माफी मांगतलीच नाई. मंग तुमी काहून मांगून राहिले?"

आता कोणी हसलं नाही.

"मग ही कथा पुस्तकात बसणार नाही," सर म्हणाले.

"नोका बसवू." मी कागद उचलले आणि बाहेर पडले.

तेव्हापासून स्वस्थ बसवत नाही. लिहिते, पाठवते, परत येतं. कोणी गोड शब्दांत सुचवतं, भाषा जरा सौम्य करा. करणार नाही. माझ्या माणसांनी तोंडावर जे सुनावलं, ते तसंच छापून येईल. नाहीतर येणार नाही. पण त्यांच्या तोंडात दुसऱ्याची माफी मी कोंबू देणार नाही.